३२ गुणांचे २७ कसे झाले? शिडाच्या शर्यतींचा हिशेब

प्रश्न असा आहे: ‘२०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूरला रौप्यपदक मिळालं, तेव्हा बातमीत वाचलं की ११ शर्यतींत तिचे ३२ गुण झाले आणि निव्वळ गुण २७ धरले. सुवर्ण जिंकणाऱ्या मुलीचे गुण तर त्याहून कमी होते. हा हिशेब काय आहे? टीव्हीवर पाहायला बसलं तर कोण पुढे आहे तेच कळत नाही, कारण सगळ्या होड्या वेगवेगळ्या दिशांना जात असतात. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि तिला हे शिकायचंय. पाठवू का?’

मी बावीस वर्षं मुंबई बंदरात रेस कमिटीच्या, म्हणजे शर्यती चालवणाऱ्या मंडळींच्या, बोटीवर उभा राहतोय, त्याआधी स्वतः शर्यतीत उतरत होतो. गुणांपासूनच सुरू करतो.

या खेळात गुण म्हणजे तुमचा क्रमांक. पहिल्या आलात की एक गुण, सातव्या आलात की सात. शर्यत पूर्ण केली नाही किंवा बाद झालात, तर स्पर्धेत जितक्या बोटी उतरल्या असतील त्याहून एक जास्त. सगळ्या शर्यतींची बेरीज करायची आणि जिची बेरीज सर्वांत कमी, ती जिंकली. त्याआधी प्रत्येकीची सर्वांत वाईट शर्यत हिशेबातून काढून टाकतात. नेहाची बेरीज ३२ होती, वाईटात वाईट शर्यत पाच गुणांची. ती वगळली, राहिले २७. थायलंडच्या नोप्पासोर्न खुनबूनजानचे निव्वळ १६ राहिले, तिला सुवर्ण. सिंगापूरच्या किएरा कार्लाइलचे २८, तिला कांस्य.

आता ते २७ आणि २८ पुन्हा पाहा. त्याच स्पर्धेत, त्याच पाण्यावर, पुरुषांच्या आयएलसीए ७ (एकट्यानं चालवायची लहान शिडाची बोट) गटात आपल्या विष्णू सरवणनचे ३४ गुण झाले आणि कोरियाच्या हा जी-मिनचे ३३. म्हणून विष्णूला कांस्य आणि हा जी-मिनला रौप्य. हा माणूस त्याआधीच्या सलग तीन आशियाई स्पर्धांचा विजेता होता, तरी सिंगापूरचा रायन लो २६ गुणांवर दोघांच्याही पुढे गेला. एक गुण म्हणजे अख्ख्या आठवड्यातल्या कुठल्यातरी एका शर्यतीत कुठल्यातरी एका बोटीच्या पुढे किंवा मागे असणं. त्या आठवड्यात एका गुणानं नेहाला रौप्य दिलं आणि एका गुणानंच विष्णूचं रौप्य हुकलं. या खेळात कधीतरी केलेली एक चमकदार शर्यत पुरत नाही, कारण शेवटच्या दिवशी जिंकलात म्हणून दुसऱ्या दिवशी आलेला बारावा क्रमांक पुसला जात नाही.

इतक्या शर्यती कशाला आणि वाईट शर्यत माफ का, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण वारा. शंभर मीटर धावण्यात सगळ्यांना सारखीच जमीन मिळते. समुद्रावर दोन बोटींना एकाच क्षणी सारखा वारा मिळेलच असं नाही. या खेळाचा जवळजवळ प्रत्येक नियम लहरी वाऱ्यातून न्याय कसा काढायचा याच्या खटपटीतून आला आहे. हे एकदा ध्यानात आलं की टीव्हीवरचं चित्रही उलगडायला लागतं.

होड्या वेगवेगळ्या दिशांना का जातात ते सांगतो. शर्यतीचा पहिला बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, वाऱ्याच्या बरोबर तोंडावर टाकलेला असतो. कुठलीच शिडाची बोट वाऱ्यावर सरळ चाल करू शकत नाही. साधारण ४५ अंश डावीकडून किंवा ४५ अंश उजवीकडून तिरकंच चढावं लागतं, घाट चढताना रस्ता वळणं घेतो तसं. प्रत्येक वळणाला टॅक म्हणतात. त्यामुळे तुम्हाला पडद्यावर एक बोट डाव्या कोपऱ्याला आणि एक उजव्या कोपऱ्याला गेलेली दिसते, तेव्हा दोघीही एकाच बोयाकडे निघालेल्या असतात. कोण पुढे आहे हे बोटींमधल्या अंतरावरून सांगता येत नाही, वाऱ्याच्या दिशेनं कोण जास्त वर चढलंय त्यावरून ठरतं. टीव्हीवाले हल्ली पाण्यावर आडव्या रेषा आखून दाखवतात, त्या शिडी चढल्यासारख्या वाचा.

आता समजा दोन बोटी अगदी बरोबरीत आहेत, पण एकमेकींपासून १०० मीटर बाजूला. वारा १० अंश डावीकडे वळला. डावीकडच्या बोटीनं काहीही केलं नाही, तरी ती एका झटक्यात सुमारे २५ मीटर पुढे गेली. आयएलसीए बोट सव्वाचार मीटरच्या आसपास लांब असते, म्हणजे सहा बोटींइतकं अंतर. हे नशीब आहे का? थोडं आहे. पण चांगला खलाशी पाण्यावरचा काळसर पट्टा सरकताना पाहतो, किनाऱ्यावरचा धूर पाहतो, होकायंत्रावर दर मिनिटाला वारा कसा डुलतोय ते मनात टिपून ठेवतो आणि बदल यायच्या आधीच त्या बाजूला जाऊन थांबतो. आपल्या कोळीवाड्यातला तांडेल किनाऱ्यावर उभा राहून ‘आता वारा फिरंल’ म्हणतो ना, ती हीच विद्या. एका शर्यतीत नशीब जिंकू शकतं. अकरा शर्यतींत वाचणाऱ्याचीच बेरीज कमी निघते, म्हणून इतक्या शर्यती घ्यायच्या. आणि कधी गवत अडकलं, कधी दुसऱ्यानं आडवं घातलं, तर त्यासाठी एक शर्यत माफ.

सुरुवात हा माझ्या कामाचा भाग आहे, त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धी शर्यत तिथेच ठरते. थांबलेल्या बोटी आणि पिस्तुलाचा बार असं इथे नसतं. कमिटी बोटीवरची नारिंगी बावट्याची काठी आणि दुसऱ्या टोकाचा बोया यांच्यामध्ये एक अदृश्य रेषा असते. पाच मिनिटं आधी भोंगा वाजतो आणि वर्गाचा, म्हणजे त्या प्रकारच्या बोटींचा, बावटा चढतो. चार मिनिटं राहिली की दुसरा बावटा. एक मिनिट राहिलं की तो दुसरा उतरतो. शून्यावर पहिला उतरला की सुरू. ही पाच मिनिटं सगळ्या बोटी रेषेच्या मागे घिरट्या घालत असतात, आणि प्रत्येकीला बरोबर शून्याच्या क्षणी, पूर्ण वेगात, रेषेला नाक लावून असायचं असतं. एक हात पुढे गेलात तर परत फिरून यावं लागतं. एक सेकंद मागे राहिलात तर पुढच्या शिडांनी वापरून सोडलेला, घुसळलेला वारा तुमच्या वाट्याला येतो आणि तुम्ही मागेच पडत जाता.

ही रेषा वाऱ्याला काटकोनात टाकणं हे रेस ऑफिसरचं इमान. १०० मीटरच्या रेषेत पाच अंशांची चूक झाली, तर एका टोकाच्या बोटीला दुसऱ्या टोकावरच्या बोटीपेक्षा जवळजवळ नऊ मीटरचा फुकट फायदा मिळतो. मग सगळ्या त्याच टोकाला गर्दी करतात, टकरा होतात, ओरडाआरडा होतो. खूप बोटी आधीच पुढे गेल्या आणि कोण कोण ते ओळखता येईना, तर सगळ्यांना परत बोलवावं लागतं. पुन्हा पुन्हा तेच झालं तर शेवटी काळा बावटा चढतो. त्याचा अर्थ असा की शेवटच्या मिनिटात जी बोट रेषेची दोन टोकं आणि पहिला बोया यांच्या त्रिकोणात सापडेल ती सुनावणीशिवाय बाद. ऑलिंपिकला चार वर्षं तयारी करून आलेली मुलं काळ्या बावट्याखाली एका हातानं बाद होताना पाहिली की पोटात तुटतं, पण दुसरा उपाय नाही.

तुम्हाला टीव्हीवर कंटाळा येतो तो बहुधा लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांच्या बावट्यामुळे. तो चढला, दोन भोंगे वाजले, म्हणजे शर्यत पुढे ढकलली. तो उतरला की एका मिनिटानं सुरुवातीची मोजणी चालू. सुरू झालेली शर्यत रद्द करायची असेल तर निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा बावटा आणि तीन भोंगे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या शिडाच्या शर्यती मार्सेयला झाल्या, तेव्हा वाऱ्यानं फार छळलं. आयएलसीएच्या दोन्ही अंतिम शर्यती ६ ऑगस्टला ठरल्या होत्या, त्या वारा नाही म्हणून दुसऱ्या दिवशी घ्याव्या लागल्या. मुलाखत घेणाऱ्यांना, प्रेक्षकांना, प्रक्षेपण करणाऱ्यांना हे नकोसं होतं. मला मात्र त्या कमिटीबद्दल आदर वाटला, कारण असं थांबणं किती अवघड असतं ते मी स्वतः भोगलंय.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. राष्ट्रीय पातळीवरची एक स्पर्धा, शेवटचा दिवस. सकाळचा मतलई वारा ईशान्येकडून होता आणि पडत चालला होता. खारा वारा अजून बसला नव्हता. आयोजक रेडिओवर वेळ विचारत होते, बक्षीस समारंभाचे पाहुणे येऊन बसले होते. मी सुरुवात दिली. निम्म्या बोटी वरच्या बोयाच्या जवळ गेल्या आणि वायव्येकडून नवा वारा उतरला. डावीकडे मागे राहिलेल्या बोटी सरळ बोयावर जाऊन पोचल्या. चौकड्यांचा बावटा माझ्या हाताशी होता. तो मी चढवला नाही. संध्याकाळी एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. तो तिसरा होता, त्या शर्यतीत अकरा जागा खाली गेला आणि पदकातून बाहेर पडला. त्यानं तक्रार केली नव्हती. त्यानं एवढंच विचारलं, ‘सर, डावीकडे जायला हवं होतं हे मला कळायला काही मार्ग होता का?’ नव्हता. मी त्याला तसंच सांगितलं. त्या दिवसापासून पाहुणे कितीही वेळ बसले तरी वारा स्थिर झाल्याशिवाय लाल-पांढरा बावटा खाली येत नाही.

पाण्यावरचे वाहतुकीचे नियम थोडक्यात सांगतो. उजव्या बाजूनं वारा घेणाऱ्या बोटीला डाव्या बाजूनं वारा घेणारीनं वाट द्यायची. दोघी एकाच बाजूनं वारा घेत असतील, तर वाऱ्याकडच्या बोटीनं पलीकडच्या बोटीला वाट द्यायची. चुकलात तर स्वतःहून दोन पूर्ण गिरक्या घ्यायच्या आणि पुढे जायचं. पडद्यावर एखादी बोट मध्येच स्वतःभोवती फिरताना दिसली तर ती शिक्षा भोगतेय असं समजा. अंग झोकून, शीड पंख्यासारखं हलवून बोट पुढे ढकलायलाही बंदी आहे, वर्गाच्या नियमात मुभा असेल तेव्हाच ती चालते. पंच छोट्या बोटीतून मागे फिरत असतात आणि पिवळा बावटा दाखवतात. पहिल्यांदा दोन गिरक्या, दुसऱ्यांदा त्या शर्यतीतून बाहेर.

आता ज्या गोष्टीवर माझं स्पष्ट मत आहे तिथे येतो. २००८ च्या बीजिंगपासून ऑलिंपिकमध्ये ‘मेडल रेस’ असते. पहिले दहा जण एक शेवटची शर्यत करतात, तिचे गुण दुप्पट, आणि ती वगळता येत नाही. आयएलसीएला ही पद्धत मला पटते. आधीच्या आठवड्याची कमाई बेरजेत राहते, फक्त शेवट ताणला जातो. पॅरिसला पुरुषांच्या आणि महिलांच्या आयएलसीएत प्रत्येकी ४३ बोटी होत्या. त्यांत विष्णू १८वा आणि नेत्रा कुमनन २१वी आली, म्हणून ते शेवटच्या शर्यतीत नव्हते.

विंडसर्फिंगला, म्हणजे शीड लावलेल्या फळीच्या शर्यतींना, मात्र पॅरिसमध्ये बाद फेरी आणली. ब्रिटनची एमा विल्सन सगळ्या मालिकेत मोठ्या फरकानं पहिली होती. तिला थेट अंतिम फेरीत जागा मिळाली आणि तिथे तिघींची एकच शर्यत. इटलीची मार्ता माज्जेत्ती पहिली, इस्राएलची शॅरन कॅंटर दुसरी, आणि आठवडाभर सगळ्यांच्या पुढे राहिलेल्या विल्सनला कांस्य. माज्जेत्तीनं ती शर्यत अक्कलहुशारीनं जिंकली, तिचं सुवर्ण पूर्णपणे तिचं आहे. तरीही ही रचना मला चुकीची वाटते. जो खेळ मुळात एका शर्यतीतल्या नशिबावर विश्वास ठेवत नाही, त्याचा निकाल एका शर्यतीवर टांगायचा, तोही पाहणाऱ्याला सोपं जावं म्हणून. काइटच्या, म्हणजे पतंगाच्या ओढीनं चालणाऱ्या फळीच्या, अंतिम फेरीत निदान मालिकेतल्या पहिल्याला दोन विजयांची आणि दुसऱ्याला एका विजयाची पुंजी घेऊन उतरता येत होतं. त्यात काही न्याय शिल्लक राहतो.

आणि एक, मराठी वर्तमानपत्रांमुळे होणारा घोळ. ‘नौकानयनात पदक’ असं छापतात तेव्हा ते वल्ह्यांचं असतं की शिडाचं ते पाहून घ्या. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ हा आपला मोठा खेळाडू, २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या चौघांतला. पण तो वल्ही मारणारा. त्याच स्पर्धेत फॉर्टीनाइनर एफएक्स (49erFX) या दोघींच्या बोटीत वर्षा गौतम आणि श्वेता शेरवेगर यांनी रौप्य जिंकलं, ते शिडाचं. एकात पाठ आणि पाय लागतात, दुसऱ्यात त्याबरोबर वारा वाचायला लागतो. दोन्हींना एकच शब्द लावल्यामुळे दुसरा खेळ लोकांच्या नजरेतच येत नाही.

खरं तर आशियाई स्पर्धेच्या शिडाच्या शर्यती आपल्या दारात होऊन गेल्यात. १९८२ ची स्पर्धा दिल्लीची, पण दिल्लीला समुद्र नाही, म्हणून या शर्यती मुंबईत घेतल्या. फायरबॉल वर्गात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्ण मिळवून दिलं. एंटरप्राइज वर्गाचं सुवर्ण पाकिस्तानच्या बैराम आवारी आणि गोश्पी आवारी या कराचीच्या पारशी नवरा-बायकोनं नेलं. तारापोर पुढे १९८४, १९८८ आणि १९९२ अशा तीन ऑलिंपिकमध्ये ४७० या दोघांच्या बोटीच्या वर्गात उतरले, आणि २०१० च्या ग्वांगझोऊ आशियाई स्पर्धेत मॅच रेसिंगच्या, म्हणजे एकास एक बोटींच्या लढतींच्या, रौप्यपदक विजेत्या संघात ते होते. १९८२ ते २०१०, एकाच माणसाची कारकीर्द. शरीराच्या जोडीला डोळे आणि स्मरण लागणारा खेळ असा लांब चालतो. मुंबईच्या पाण्यावर भरती-ओहोटीचा ओढा इतका जोरदार असतो की इथे शिकलेल्याला वारा आणि पाणी हे दोन्ही वेगवेगळे मोजायची सवय आपोआप लागते. लष्कराचं यॉटिंग केंद्र कुलाब्याला आहे, विष्णूनं तिथे सराव केला.

नेहाची वाट उलटी. ती देवास जिल्ह्यातली, शिकली भोपाळच्या तलावात. तलावावरचा वारा झाडांवरून, इमारतींवरून, टेकड्यांवरून तुटून येतो, दर मिनिटाला फिरतो. तिथे तयार झालेल्या मुलांना वाऱ्याचे बदल फार लवकर कळतात. लाटांवर बोट कशी चालवायची ते त्यांना नंतर समुद्रावर शिकवता येतं, त्याच्या उलट शिकवणं जास्त कठीण जातं असा माझा अनुभव. तेव्हा समुद्रापासून लांब राहणाऱ्या आईवडिलांनी आपलं मूल या खेळातून बाद झालं असं समजू नये.

तुमच्या मुलीबद्दल. अकरावं वर्ष योग्य आहे. सुरुवात ऑप्टिमिस्ट नावाच्या बोटीनं होते. दोन मीटर छत्तीस सेंटिमीटर लांब, एकच शीड, एकच मूल. वयाच्या पंधरापर्यंत त्या वर्गात राहता येतं. पुढे आयएलसीए ४, म्हणजे नेहाचा वर्ग. तिथून बोटीचा सांगाडा तोच राहतो आणि वय-वजन वाढेल तसं शीड मोठं होत जातं: ४ मध्ये ४.७ चौरस मीटर, ७ मध्ये ७.०६.

आधी पोहणं पक्कं करा, कपडे आणि लाइफजॅकेट घालून, पाय टेकणार नाही इतक्या खोल पाण्यात. मुंबईत मोसम पावसाळा संपल्यावर सुरू होतो, तेव्हा दसऱ्यानंतर चौकशी करा. क्लब निवडताना झगमगाट पाहू नका. मुलं पाण्यात असताना सोबत किती बचाव बोटी आहेत ते मोजा, आणि वारा वाढला की प्रशिक्षक मुलांना आत बोलावतो की नाही ते एक दुपारभर उभं राहून पाहा. पहिल्या महिन्यात ती दर दिवशी उलटेल. बोट स्वतः सरळ करून पुन्हा चढायला शिकणं हाच पहिला धडा असतो, तेव्हा धक्क्यावरून ‘सांभाळ’ म्हणून ओरडू नका. घरी आल्यावर तिला क्रमांक विचारण्याऐवजी वारा कुठून होता ते विचारा. तिनं न अडखळता हात करून दिशा दाखवली, की पुढच्या वर्षीची फी भरा.